रंग उडालेल्या गाडीची किंमत

पहाटे साडेतीनला धाकटीचा दिवस सुरू व्हायचा. चारला ठेकेदाराचा टेम्पो गल्लीच्या तोंडाशी येऊन हॉर्न द्यायचा. मागे रंगाच्या बादल्यांवर ती पहिली जाऊन बसायची. मग टेम्पो सगळीकडे फिरून बाकीचे रंगारी गोळा करायचा. काम सुरू व्हायचं सातला. मधल्या तीन तासांची मजुरी नाही. उलट टेम्पोचं भाडं म्हणून तिच्याच पगारातून पैसे कापले जायचे.

धाकटी ही माझी बहीण. या धंद्यात तिला मी आणलं. पहिल्या दिवशी मुकादमाला म्हणालो, "ही आमची धाकटी," आणि तेच नाव चिकटलं. आता तिच्या केसांत चुन्याशिवायही पांढरं दिसतं, तरी ती धाकटीच.

माझे गुडघे गेले आणि मी शिडीवरून कायमचा उतरलो. ती अजून चढते. भिंतीचं खरं काम रंग लावण्यात नसतं. भेगांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, ती वाळू द्यायची आणि मग पॉलिश पेपरनं घासायची. घासकाम रंगाखाली जातं, कुणाला दिसत नाही, म्हणून निम्मे लोक ते चुकवतात. धाकटी भिंतीला लावून दिवा धरते. आडव्या उजेडात एवढासा उंचवटा दिसला तरी पुन्हा घासते.

एका दवाखान्याच्या मालकीणबाईंनी हे पाहिलं. त्यांनी तिला बाजूला घेऊन विचारलं, "सगळा जिना आणि वरच्या खोल्या करशील? ठेकेदार मला मध्ये नको. पहिल्या तारखेला सुरू करायचं. पण शिडी, सामान तुझं तू आणायचं."

असं काम तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. पण शिडी डोक्यावर घेऊन कोण जाणार? ठेकेदारानं टेम्पो देणं शक्य नव्हतं. पहिल्या तारखेच्या आत गाडी मिळाली तर काम तिचं, नाही तर पुन्हा बादलीवर बसून चारचा टेम्पो.

ठेकेदाराच्या कानावर गेलंच. "गाडी घेतेयस म्हणे! बादल्यांना पुढच्या सीटवर बसवणार का?"

"बादल्या मागे," धाकटी म्हणाली. "पुढे दादा."

लायसन्स तिच्याकडे होतं, गाठीला सत्तर हजार होते. एवढ्यात नवी गाडी स्वप्नातसुद्धा येत नाही. जुन्या बघितल्या. एकीचा रंग आरशासारखा होता. धाकटी तिच्याभोवती दोनदा फिरली, दारावर तळवा फिरवला आणि खूश झाली. आमच्या शेजारचा गॅरेजवाला बरोबर होता. त्यानं बॉनेट उघडलं आणि लगेच मिटलं.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"रंग चालवायचाय की गाडी?"

तिथून पुढे तिनं रंगाकडे बघणं सोडलं. निदान तसं ठरवलं तरी.

मग शिंप्याची गाडी कळली. मोटार छोटी, टपावर सामान बांधायला लोखंडी कठडा. उन्हात उभी राहून बॉनेटचे नि टपाचे पापुद्रे निघालेले. आजारी माणसासारखी दिसायची, म्हणून कुणी जवळ जात नव्हतं. शिंपी ऐंशी हजार म्हणत होता. तशाच, पण बऱ्या दिसणाऱ्या गाड्या तेवढ्यालाच जात होत्या, हे आम्ही विचारून आलो होतो.

गॅरेजवाला तासभर गाडीखाली पडून होता. बाहेर आला तेव्हा त्याच्या तोंडावर हसू होतं. "इंजिन ठणठणीत. दोन टायर नि क्लच बदल. आठ हजार धर. रंग माझ्याकडे टाकलास तर बारा."

तिनं त्याच्या हातावर तासाची मजुरी ठेवली.

"अगं, शेजारी ना मी? तुझ्याकडून कसले घ्यायचे?"

"माझ्याकडून तू घर रंगवून घेतलंस तर मी फुकट देईन का? घे."

त्यानं घेतले. हिशोब तिनं तिथेच मांडला. ऐंशीतून आठ गेले, बारा गेले, राहिले साठ. गाठीला उरलेल्या दहात टायर, क्लच नि रंगाचं सामान. साठाच्या वर गेलं की गाडी येईल, पण दारात उभी राहील.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं शिंप्याच्या दुकानात गेलो. दुकान एवढं अरुंद, की गिऱ्हाइकानं माप द्यायला हात पसरले तर एक हात रस्त्यावर. शिंपी मशिनीवर वाकला होता.

"बसा. साडूच्या दोन पँटी उरकतो. घरचं काम! पैसे नाहीत आणि घाई मात्र दुप्पट."

"गाडी का विकताय?" मी विचारलं.

"मशिनीवर पाय चालतो हो, क्लचवर चालत नाही."

गॅरेजवाल्याचा आठ नि बाराचा अंदाज आम्ही त्याला सांगितला. टायर नि क्लचचे आठ त्यानं कुरकूर न करता सोडले. आम्ही बाहेर गाडीपाशी आलो. आता रंगाच्या बाराची घासाघीस करायची होती. ती सुरू व्हायच्या आत धाकटीचा हात बॉनेटवर गेला. सवय. एक पापुद्रा नखानं उचलला आणि ती बोलायला लागली.

"हे काहीच नाही. लोखंडी कपाटं किती केलीत मी फवाऱ्यानं! सगळं घासून काढायचं, प्रायमर मारायचा, वर दोन हात दिले की तुम्ही स्वतःची गाडी ओळखणार नाही."

मी खोकलो. उशीर झाला होता.

"असं होय," शिंपी म्हणाला. "रंग तुम्ही घरीच देणार. मग बारा कशाला कमी करू? सामानाचे दोन करतो. सत्तर द्या."

धाकटीचं तोंड उतरलं. रंगाऱ्यासमोर उडालेला रंग ठेवला की तो गप्प बसत नाही. तिच्या जागी मीही हेच बोललो असतो. मी तिच्या कानाशी म्हणालो, "घेऊन टाक. टायरचं बघू पुढे. हात काय, आपलेच आहेत."

ती माझ्यावरच उखडली. "दादा, तूसुद्धा? माझे हात आहेत म्हणून ते फुकट? घासून घासून बोटांची कातडी जाते, ती काय रस्त्यावर सांडलीय?"

ती शिंप्याकडे वळली.

"तुमच्या साडूच्या पँटींना किती वेळ गेला?"

"सकाळपासून तेच करतोय."

"आणि गिऱ्हाइकाचा कोट?"

"पडलाय तसाच. साडू म्हणतो, तुझं काय, घरच्या घरी होतं!" शिंप्याचा आवाज चढला. "मेहुणा तेच म्हणतो. मेहुण्याचा भाऊ तेच म्हणतो. जन्म गेला या लोकांच्या पँटी आखूड करण्यात!"

"मग मी गाडी घासत बसले की माझं बाहेरचं काम पडणार नाही का? साडूला तुमचे हात फुकट वाटतात. तुम्हाला माझे."

शिंप्यानं कानामागचा खडू काढला. तो बोटांत फिरवत राहिला. मग म्हणाला, "पण गॅरेजवाल्याएवढी मजुरी लावायची तुम्ही?"

"काम तेवढंच आहे. कमी का लावू?"

तो आधी नाकातून हसला, मग पोटातून. पापुद्रे निघालेल्या बॉनेटवर त्यानं खडूनं मोठ्ठे साठ लिहिले आणि खाली रेघ ओढली. "घेऊन जा बाई. आणि साडू येतोय संध्याकाळी. त्याला आज बिल देतो बघा!"

धाकटीनं साठ मोजून दिले. आणखी दोन-पाच सुटतील का, हे विचारून बघ, असं मी डोळ्यांनी सुचवलं. तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही. ठरलं म्हणजे ठरलं.

गॅरेजवाल्यानं टायर आणि क्लच बसवला. फवारायचं मशीन त्याच्याकडूनच भाड्यानं आणलं. घासायला मीही बसलो. गुडघे बोलत होते, पण हातांना काही झालेलं नव्हतं. खडूचे साठ तिनं सगळ्यात शेवटी घासले. दोन हात दिल्यावर आडवा दिवा धरला. मी तोंड जवळ नेऊन बघितलं. एक उंचवटा नाही. चूक काढायला मी बसलेलोच असतो, म्हणून सांगतो.

पहिल्या तारखेला पहाटे चारला टेम्पोनं हॉर्न दिला. धाकटीनं खिडकी उघडली. खाली तिची गाडी उभी, टपाच्या कठड्याला शिडी बांधलेली. ठेकेदार स्वतः पुढे बसून आला होता.

"येतेस ना?" त्यानं ओरडून विचारलं.

"तुम्ही व्हा पुढे," ती म्हणाली. "माझी गाडी सव्वासहाला निघते."

खिडकी लावून ती आत गेली आणि पुन्हा आडवी झाली.

इतक्या वर्षांच्या मजुरीतून तिनं काय घेतलं, असं कुणी विचारलं तर मी गाडी दाखवतो. तिला विचारलंत तर ती सांगते, "सकाळची झोप."