माठातली झांज

माझा मित्र रेवणसिद्ध गेल्याचं मला एसटीच्या कंडक्टरनं सांगितलं. मी मंगळवेढ्याच्या शाळेत मास्तर. सोलापूरचा निरोप असला की तो कंडक्टरच्याच तोंडून यायचा. "मास्तर, तुमचं रेवणअप्पा गेलं की. आज सकाळच्यालाच, छातीत कळ आली म्हनं." एवढं बोलून तो तिकिटं फाडायला लागला आणि मी स्टँडवर तसाच उभा राहिलो... पोचलो तेव्हा लोक माती देऊन परतत होते. त्यालाही आता महिना होऊन गेला. खरं सांगायचं तर लिहायचं त्राण नाही. भेटेल त्याला तेच तेच सांगून जीभही थकली आहे.

रेवण गिरणीत मागावर होता. पगारात घर जेमतेम भागायचं, पण डोक्यात खूळ एकच, घरातलं गाणं सुधारायचं. जुन्या बाजारातला रेकॉर्ड प्लेयर त्यानं वडिलांच्या रेडिओला जोडला. रेडिओतला स्पीकर काढून त्याहून मोठा आणला आणि चक्क पाण्याच्या माठाच्या तोंडावर बसवला; आत गिरणीतल्या सुताचा गुंता कोंबला. तो माठ घेताना हा गडी एकेका माठावर टिचक्या मारून कान लावत बसला, तेव्हा कुंभारीण वैतागून म्हणाली, "पानी भरनार हाय का लगीन लावनार त्याच्यासंगं?" खोलीत आवाज घुमतो म्हणून भिंतींना खिळे ठोकून चादरी टांगल्या. सोलापुरात चादरींना काय तोटा! उन्हाळ्यात तिथं बसणं म्हणजे उकडून निघणं. पण तसा आवाज आम्हा फाटक्या माणसांना दुसरीकडे कुठं ऐकायला मिळणार होता?

त्याची बायको, आमच्या वहिनी, कानडी मुलखातल्या मैंदर्गीच्या. त्यांच्यासाठी त्यानं कानडी भजनाची एक रेकॉर्ड आणली होती, आणि आवाजाची परीक्षा नेहमी तिच्यावरच व्हायची. "गानाऱ्याला सोड, मास्तर. त्याच्या मागं बारीक झांज हाय, ती ऐक. ती आली म्हंजे समदं आलं." पहिल्यांदा ती मला ऐकू आली तेव्हा त्यानं आनंदानं पाठीत असा गुद्दा घातला की अजून आठवतो.

मग कधीतरी तो म्हणाला, "झांज दबली की रे." एक चादर उतरली. पुढच्या दिवाळीत दुसरी. वहिनी म्हणायच्या, "ब्याड री, नका काढू." नको म्हणायचं झालं की त्यांची माहेरची कानडीच बाहेर यायची. सुई बदलली, माठ बदलला. रेडिओवर आवाजाची धार वाढवायचं एक बटण होतं, तेही पुढं पुढं सरकत गेलं. अखेर भिंतींवर नुसते खिळे राहिले आणि गाणं पत्र्यावर चमचा ओढावा तसं कर्कश झालं. मला तिथं बसवेना. वहिनी पदराआड कानात कापूस घालून भाकरी थापायच्या. रेवण मात्र माठाशी कान नेऊन म्हणायचा, "अजून येईना."

मागाच्या खडखडाटात आयुष्य काढलेल्या माणसाला बारीक आवाज आधी सोडून जातात, हे गिरणीत सगळ्यांना ठाऊक असतं. त्याला कोण सांगणार? मी मनातल्या मनात चिडायचो, त्याच्यावर, गिरणीवर, त्या माठावर.

शेवटच्या भेटीत तो पुन्हा बटणाशी झटत बसला, तेव्हा मला राहवलं नाही. ओरडूनच म्हणालो, "अरे, बास कर की आता!"

तो हसला. "मशीन बरूबर हाय, मास्तर. कान गेलेत माझं. ठावं हाय की मला."

"मग हा उपद्व्याप कशाला?"

"माठ उघडून बघता येतोय. कान कसा उघडू?"

तो भिंतीला टेकून बसला... मला वाटलं, आता रडेल. पण त्यानं चहा मागितला.

परवा वहिनींना भेटायला गेलो. त्यांनी आपण होऊन ती रेकॉर्ड लावली. उघड्या भिंतींवर आपटून झांज थेट डोक्यात घुसली. वहिनींच्या कानात कापूस नव्हता. त्यांचा चेहरा बघवेना, म्हणून आवाजाची धार कमी करायला मी बटणाकडे हात नेला.

"ब्याड री, भावजी," त्या एकदम म्हणाल्या. "हात नका लावू. जायच्या आदल्या सांजंला ते बटन हितं आणून ठिवलंय त्यांनी... आन् मला म्हनले, आली गं."

मी हात मागं घेतला.