पोटरीतली गाठ

ऐंशीच्या दशकातल्या एका हंगामात, हिंगणीच्या आमच्या शेतात कपाशीवर फवारणी करताना दादाच्या अंगात औषध भिनलं. मोठ्या दवाखान्यात त्याच्या घशात नळी घालून श्वास मशीनवर लावला. मी तेव्हा सिंदी मेघेला खोली करून राहायचो, एका कचेरीत कारकून होतो. रजा टाकून आईसोबत तिथंच बसलो. रोज सकाळी डॉक्टरांचा घोळका यायचा, मशीनचे आकडे बघायचा, छाती ऐकायचा आणि पुढच्या खाटेकडे सरकायचा. कमरेखालची चादर कोणी उचलल्याचं मला आठवत नाही. त्यांच्या लेखी माणूस छातीपाशी संपत होता.

नवव्या दिवशी आईनं चादर उचलली. डावी पोटरी सुजून टणक, गरम झाली होती.

"डॉक्टरले सांगू," मी म्हटलं.

"त्याइले श्वासाचं पडलं हाये. पडून पडून पाय आखडला पोराचा. चोळल्याबिगर कसा सुटन?"

आमच्याकडे बाळंतिणीपासून बैलापर्यंत सगळ्या दुखण्यांना जवसाचं तेल. ते कोमट करून आणायला चहावाल्याकडे मीच गेलो. सांगताना एवढं मी बहुतेक वेळा गाळतो. आई दोन्ही अंगठ्यांनी पोटरी खालून वर रगडत राहिली. सिस्टरनं पाहिलं, सलाईनची बाटली बदलली आणि गेली. नातेवाईक सेवा करतील तेवढंच तिचं काम हलकं.

दुपारी दादाचे ओठ काळेनिळे पडले. मशीन हवा ढकलत होतं, छाती वरखाली होत होती, आणि तरी दादा हातचा जात होता. खूप धावपळ झाली. अर्ध्या तासात सगळं आटोपलं.

डॉक्टरांनी मला व्हरांड्यात नेलं. पडून राहिलेल्या पायात रक्त गोठतं, ती गाठ सुटून फुफ्फुसात अडकली असावी, असं म्हणाले. मग विचारलं, "पाय कोणी चोळला होता?" नऊ दिवस पायाकडे ढुंकूनही न पाहणाऱ्याला हा प्रश्न बरा सुचला! पण तोंडावर बोलायची माझी छाती झाली नाही. त्याची चीड अजून जात नाही.

ती मी आईवर काढली. तेरवीला बायका म्हणत होत्या, माउलीनं शेवटपर्यंत सेवा केली. आई डोळे पुसत मान हलवत होती. मला ते ऐकवेना. तिला आतल्या खोलीत नेऊन गाठीचं सगळं सांगून टाकलं.

तिनं विचारलं, "म्हंजे म्याच मारलं त्याले?"

जाता जाता डॉक्टर आणखी एक म्हणाले होते: इतके दिवस पडलेल्या माणसाची गाठ न चोळताही सुटते, कोणाला दोष देऊ नका. ते मला शब्दन् शब्द आठवत होतं. मी पंगतीत वाढायला निघून गेलो.

आई त्यानंतर अकरा वर्षं जगली. तिला ते सांगायला मला एक दिवस सापडला नाही.