महाडच्या दोघी आणि सोडून दिलेली भरती

लाटेवर फळी टाकून उभं राहायचं, म्हणजे सर्फिंग, हे शिकायचं मनात असेल तर पुढचं जरूर वाचा. आम्हाला ते जमलं नाही. दोष समुद्राचा नव्हता, एवढं आधीच सांगून टाकते.

आम्ही म्हणजे मी आणि माझी शेजारीण शबाना. दोघी पन्नाशीला टेकलेल्या, महाडात एकाच गल्लीत वीस वर्षं समोरासमोर राहिलेल्या. ती मूळची दासगावची, मी पोलादपूरजवळच्या कापड्याची. तिचा नवरा कित्येक वर्षं आखातात, दोह्याला आहे, आता मुलालाही तिथेच नोकरी लागली आणि दोघांनी मिळून तिला कायमची बोलावून घेतली. इथलं घर भाड्याने द्यायचं ठरलं. मंगळवारचं विमान होतं आणि त्याआधीचा एकच शनिवार मोकळा होता.

"माझी एक इच्छा हाय," ती म्हणाली. मला वाटलं, बिर्याणीचं भलंमोठं आवतण असेल. तर बाईंनी मोबाइल पुढे केला. त्यात आमच्याच वयाची एक बाई लाटेवर उभी राहून किनाऱ्याकडे येत होती, तोंडभर हसत. "इतकी वर्षं पाणीच आपल्या घरात आलं गो. एकदा आपण त्याच्याकडं जाऊ."

यावर मी नाही कसं म्हणणार? पुराच्या वर्षी तिचा फ्रिज आम्ही दोघींनीच जिन्यावरून वर चढवला होता.

किनारा शोधायचं काम माझं. श्रीवर्धनच्या अलीकडे एका छोट्या किनाऱ्यावर नितीन म्हणून एक गृहस्थ शिकवतात. (गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथे गर्दी झालेली मला आवडणार नाही.) तळ वाळूचा आहे, खडक नाहीत, लाट लांबून सावकाश येते. माणशी बाराशे रुपये, त्यात फळी, शिकवणं आणि नंतर गोड्या पाण्याची आंघोळ. मग मी लाटांचा अंदाज सांगणारं अ‍ॅप घेतलं आणि आठवडाभर त्यात नाक खुपसून बसले. नवशिक्यांनी तीन गोष्टी बघायच्या. लाटेची उंची कमरेच्या वर नको. दोन लाटांमध्ये नऊ-दहा सेकंदांचं अंतर हवं, म्हणजे लाट नीट बांधून येते. आणि वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा हवा, शाळेत भूगोलात शिकलो ते मतलई वारे, कारण त्याने लाटेची पुढची बाजू गुळगुळीत राहते. शनिवारी तिन्ही गोष्टी जुळत होत्या. आठ ते दहा या वेळेवर अ‍ॅपने हिरवी पट्टी दाखवली होती.

पण त्याच पट्टीखाली लिहिलं होतं: भरती, चढती. आणि पौर्णिमा नुकतीच होऊन गेलेली, म्हणजे उधाणाची भरती.

इथे बाहेरगावच्या वाचकांना थोडं सांगायला हवं. महाडात पावसाळ्यात दूधवाला, भाजीवाली, शेजारी, जो भेटेल तो एकच विचारतो: भरती किती वाजता? सावित्रीला पूर असताना खाडीत भरती आली की नदीचं पाणी पुढे निघत नाही, फुगून आमच्या गल्लीत शिरतं. ओहोटी लागली की आम्ही सुटकेचा निःश्वास टाकतो. त्यामुळे चढती भरती वाचल्यावर मी काय केलं असेल? नितीनना फोन करून आमची वेळ साडेसहाची करून घेतली, ऐन ओहोटीची. "चालेल, पण लाट जरा आपटेल," ते म्हणाले. मी म्हटलं, आपटू दे.

शुक्रवारी आधी कापड्याला गेलो, कारण शबानाला दोह्याला न्यायला माझ्या भावाकडचा तांदूळ हवा होता. भाताची झोडणी चाललेली, अंगणभर पेंढा. भाऊ आमचा बेत ऐकून कपाळाला हात लावून बसला.

"समुद्रात मरायला कशाला जाताव? हितं सावित्री काय कमी हाय?"

"दादा, तिच्यात उभं नाय ऱ्हाता येत," शबाना म्हणाली.

"बरं, जावा. पन भरतीत उतरू नका. ओहोटीलाच उतरा."

मी मान डोलावली. बघा, आमचं सगळ्यांचं एकमत होतं.

शनिवारी अंधारातच निघालो. दासगाव मागे टाकून टोळ फाट्याला डावीकडे, आंबेतचा पूल, मग म्हसळा. रस्ता बराचसा चांगला, मध्ये मध्ये खड्डे. घाटात धुकं होतं म्हणून दोन तास धरा. वाटेत चहाची टपरी उघडी मिळेल या भरवशावर राहू नका, थर्मास न्या. शबाना गाडीभर बडबडत होती. सीटवरच हात टेकून उठून दाखवत होती. "असं, मग असं, मग पाय मधे, हाय काय त्यात!"

समुद्र पार लांब गेलेला. ओल्या वाळूवरून फळ्या ओढत नेताना माझा दम निघाला. पाणी गुडघाभर, आणि त्यात लाट यायची ती सबंध लांबीभर एकदमच कोसळायची. शबाना फळीवर पालथी झोपायची, नितीन मागून ढकलायचे, ती हातांवर जोर द्यायची आणि धप्प. मी तर चौथ्यांदा पडल्यावर तोंडातली वाळू थुंकत बाहेरच बसले. ती पडली की हसायची आणि पुन्हा जायची. तीनदा फळीवर गुडघे टेकण्यापर्यंत आली.

आठच्या सुमारास माझ्या पायांशी पाणी आलं. मघाशी सुकी असलेली वाळू भिजली. नितीन ओरडले, "आता बघा, आता लाट मऊ होईल." आणि मी काय केलं? उठले, पाण्यात शिरले, शबानाचा दंड धरला आणि म्हणाले, "पाणी चढतंय. वर चल."

ती आली. फळी ओढत बाहेर आली. वीस वर्षं आम्ही एकमेकींना हेच सांगत आलोय आणि ऐकत आलोय, तिथे विचार कोण करणार?

"अहो ताई, हीच तर खरी वेळ," नितीन म्हणाले. "इथली माणसं ओहोटीला घाबरतात, ती आत ओढते म्हणून. तुम्ही भरतीला घाबरता? महाडचं बरंय!"

मी म्हटलं, पोहे खाऊन येतो. वरच्या टपरीतले पोहे छान होते, ओलं खोबरं भरपूर, चाळीस रुपये. तिथल्या बाकावरून सगळा किनारा दिसत होता. लाटा आता एकामागून एक, लांबून, गुबगुबीत येत होत्या. पुण्याच्या एका कुटुंबातल्या काकू, माझ्याहून जाड, दुसऱ्याच फेरीत उभ्या राहिल्या. त्यांची मुलं टाळ्या वाजवत होती.

"ती बघ, उभी ऱ्हायली," शबाना म्हणाली. बशी हातातच.

"पाणी थोडं स्थिर होऊ दे," मी म्हणाले. मीच म्हणाले. मग चहा मागवला.

आम्ही पुन्हा खाली उतरलो तेव्हा साडेदहा झाले होते. वारा फिरला होता. समुद्रावरून खारा वारा तोंडावर येत होता आणि पाणी पांढरं, विस्कटलेलं. नितीन फळ्या गोळा करत होते. "आज आता नाही हो. उद्या नऊला या, उद्याही अंदाज चांगला आहे."

रविवारी शबानाकडे निरोपाला दासगावची सगळी माणसं येणार होती. ती पाण्याच्या कडेला जाऊन दोन्ही पाय रोवून थोडा वेळ उभी राहिली, मग चप्पल घालून गाडीत बसली.

आंबेतच्या पुलाशी मला राहवलं नाही. "माझ्यामुळे झालं गं."

"गप. मी पन आलेच ना उठून. तू नुसता हात धरलास, पाय माझेच होते."

तिने ते मला बरं वाटावं म्हणून म्हटलं. मला बरं वाटलं नाही. आजही वाटत नाही.

तुम्ही जाणार असाल तर नोव्हेंबर-डिसेंबरात जा, पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास सकाळी पाणी चढतं असतं, तेव्हा उतरा, आणि शिकवणारा सांगेल ते ऐका. आमच्यासारखं शहाणपण नेऊ नका.

मंगळवारी ती गेली. आठवड्याने दोह्याहून फोन आला. घर तेराव्या मजल्यावर आहे, भात चांगला शिजतो, नवरा जाड झालाय, असं सगळं झालं. मी विचारलं, "समुद्र दिसतो का गं?"

"दिसतो ना, बाल्कनीतनं. पन लाटच नाय गो. ताटातल्या पान्यासारखा पडून असतो. तिथं कसं हाय आज?"

अ‍ॅप माझ्यासमोर उघडंच होतं. कमरेइतकी लाट, दहा सेकंद, मतलई वारा, आठ ते दहा हिरवी पट्टी.

"आज इथेही काही नाही," मी म्हणाले.