गोजराबाईंचं शवासन

रिहे गावाजवळच्या आश्रमात गोजराबाई सहा वर्षं स्वयंपाक करत होत्या. स्वयंपाकघरातल्यांनीही साधनेला यायचं असं ठरलं, तेव्हा त्या पहिल्यांदा चटईवर आल्या. हातपाय ताणून झाले. मग शिकवणाऱ्या ज्ञानदाताई म्हणाल्या, "आता शवासन. उताणं झोपा, तळवे वर, डोळे मिटा."

गोजराबाई बसूनच राहिल्या. दोन वर्षांमागं भातलावणीत नवरा कोसळला, तेव्हा त्याला ओसरीवर असंच निजवलं होतं.

"ताई, मला न्हाई जमायचं. मड्यावानी पडले तर उठायची न्हाई मी."

ज्ञानदाताई शेजारी येऊन बसल्या. "डोळे उघडे ठेवा. भीती वाटतेय ना, तिलाच बघत राहा. आमच्याकडे योग म्हणतात तो यालाच."

गोजराबाई आडव्या झाल्या. अंगाला दरदरून घाम सुटला, जीभ कोरडी पडली. ताईंचं मनगट त्यांनी इतकं आवळलं की बांगडी रुतली. छपराच्या पत्र्याकडे बघत त्या श्वास घेत राहिल्या, सोडत राहिल्या. भीती काही हटली नाही, पण घंटा होईपर्यंत त्या उठल्याही नाहीत.

दुपारी गोजराबाई भाकरी थापत होत्या. ताईंनी विचारलं, "उद्या याल?"

"यीन. पर तुमी जवळ बसा."