हा होल कोनाचा?

"हा होल कोनाचा?" असं म्हणून ते भोकात करंगळी घालायचे आणि उत्तर मिळेपर्यंत ती बाहेर काढायचे नाहीत.

नव्वदच्या दशकात तुर्भ्याला ट्रक उभे राहतात त्या रस्त्याने तुम्ही गेला असाल, तर त्यांना पाहिलंही असेल. पत्र्याची शेड, पांढरी दाढी, कपाळावर सरकवलेला काळा चष्मा. मूळचे रायगडच्या किनाऱ्यावरचे. वेल्डिंगचं काम करायचे. सगळे त्यांना चाचा म्हणत, मीही.

माझे वडील साताऱ्याहून वाशीच्या बाजारात बटाटा आणायचे. ते गेल्यावर त्यांचा ट्रक कोपरखैरण्याला घरामागच्या मोकळ्या प्लॉटवर दोन पावसाळे उभा होता. मग धाकट्या भावाने तो चालवायचं ठरवलं आणि दुरुस्तीला चाचांकडे आणून लावला. तो दुसऱ्याच्या गाडीवर जाई, म्हणून शाळेच्या सुट्टीत चाचांच्या कामावर मी बसायचो. मी मराठीचा मास्तर. गाडीतलं मला ओ की ठो कळत नव्हतं.

बॉडी उतरवली तर खालची चॅसी चाळणीसारखी दिसली. पाण्याचा ड्रम, स्टोव्हची पेटी, ताडपत्रीचे हूक, जे सुचेल ते लावायला वडिलांनी भोकं पाडली होती. वस्तू गेल्या, भोकं राहिली. ती भरल्याशिवाय चाचा पुढचं काम करायला तयार नव्हते.

पहिल्याच दिवशी माझ्यातला मास्तर बोलला. "चाचा, कोणाचा नाही, कशाचा म्हणायचं."

"सर, होल काय आपोआप उगवतो? कोनीतरी पाडला म्हनून पडला. ज्याचा मालूम नाय, तो मी भरत नाय."

मला ती थट्टा वाटली. थट्टा नव्हती. मी सांगत गेलो, ते भरत गेले. भोकामागे तांब्याची पट्टी धरायची, कारण तांब्याला वेल्डिंग चिकटत नाही. कडेने भरत मध्यावर यायचं. मग घासून सपाट करायचं. "ड्रमचा झाला," ते म्हणायचे. "पेटीचा झाला." वडील गेल्यापासून मी त्यांच्याबद्दल इतकं कोणाशीच बोललो नव्हतो.

चॅसीच्या खालच्या पट्टीतलं एक भोक मात्र मला सांगता येईना. त्याच्या कडेपासून केसासारखी बारीक चीर निघाली होती.

"घाटात माल भरलेला असेल ना, तवा हितूनच तुटेल," चाचा म्हणाले. "भावाला बसवनार ना हिच्यावर? घरी विचारून या."

आई तांदूळ निवडत होती. "झोळीचा हूक होता तिथं," ती म्हणाली. "तू सहा महिन्यांचा होतास. मी पण यायची गाडीवर. माल उतरेस्तोवर गाडीखाली सावलीत झोपायचास."

दुसऱ्या दिवशी मी चाचांना हे सांगितलं आणि म्हणालो, "एवढं एक राहू द्या."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "सर, मावाल काय त्यात आता?"

मी हसलो. मग हसता येईना. ते थांबले.

"बापाने पाडला तो पोरगा झोपावा म्हनून. आता तोच दुसऱ्या पोराच्या जिवावर उठलाय. तुमी हो बोला, मग भरतो. नायतर हात लावनार नाय."

मी वाकून त्या भोकात करंगळी घातली. मग म्हणालो, "भरा."

तो ट्रक पुढे कित्येक वर्षं भावाने घाटातून आणला-नेला. चॅसी तिथे कधी तुटली नाही. मागच्या आठवड्यात भावानेच सांगितलं, चाचा वारले. गावी, आपल्या घरी.

मला आठवते ती ते भोक भरलं त्या दिवशीची दुपार. खाडीवरून वारा सुटला होता. गरम जोड वाऱ्याने एकदम निवला तर तडकतो, म्हणून चाचा ट्रकखाली उकिडवे बसले आणि दोन्ही हातांनी त्याच्या आड गोणपाट धरून राहिले. मी वाकून म्हणालो, "द्या इकडे, मी धरतो." त्यांनी नकाराची मान हलवली आणि सरकून मला शेजारी जागा करून दिली. मी बसलो. काहीतरी विचारायला तोंड उघडलं, तर जोडावरची नजर न काढता ते म्हणाले, "हळू बोला. झोपलाय."