शाल पांघरलेला गोलकीपर

आमच्या जिल्ह्यात फुटबॉलचा सामना खेळवणं अवघड नाही, सत्कार थोपवणं अवघड. गावात सामना म्हटला की मांडव येतो, मांडवात माईक येतो, आणि माईक हातात आलेला माणूस काही गप्प बसत नाही. येईल त्याला शाल-नारळ. मी शाळेत खेळाची शिक्षिका, सुट्टीच्या दिवशी रेफरी, आणि स्वभावाने तापट. म्हणून बेलापूरजवळच्या एका गावात फायनलला गेले तेव्हा संयोजकांना आधीच बजावलं की सत्कार मध्यंतरात करा, खेळ चालू असताना एकही नको. सगळ्यांनी "व्हय मॅडम" म्हणत माना डोलावल्या. इतक्या पटकन डोलावल्या तिथेच मी सावध व्हायला हवं होतं.

यजमान गावाचा गोलकीपर चाळिशी ओलांडलेला, पोट जरा पुढे आलेला टेम्पोवाला. मिसरूड फुटल्यापासून तो गोलात उभा होता, पण कप काही त्याच्या हाताला लागला नव्हता. यंदा शेवटचं, असं घरी कबूल करून आला होता. हे मला टॉसच्या आधीच निम्म्या गावाने सांगितलं. मिळू दे बापड्याला, असं मलाही वाटून गेलं. रेफरीने असं वाटून घ्यायचं नसतं, पण वाटलं.

सामना संपत आला तरी बरोबरी होती. प्रमुख पाहुणे तेव्हा कुठे उगवले, आणि त्यांना लगेच राहुरीला लग्न गाठायचं होतं. यजमानांची चढाई समोरच्या गोलवर चालू होती, मीही तिकडेच धावत होते. माईकवर सतत कुणाची तरी गाडी बाजूला घ्यायला सांगत होते, त्यामुळे मी तिकडे लक्ष देणं केव्हाच सोडलं होतं. गोलकीपरने मात्र दिलं. गावाची शान असलेल्या गोलकीपरने ताबडतोब मांडवात यावं, पाहुण्यांना वेळ नाही, अशी घोषणा झाली होती. पाहुण्यांना ताटकळत ठेवायचं कसं? त्याने हातमोजे काढून गोलात ठेवले आणि निघाला.

तेवढ्यात चढाई फसली. समोरच्या एका पोराने लांबूनच चेंडू टोलवला. तो टप्पे खात, अगदी निवांत, रिकाम्या गोलात जाऊन हातमोज्यांशेजारी थांबला. मी मांडवाकडे पाहिलं, तर गोलकीपर शालीसाठी वाकलेला.

मग सगळं गाव माझ्याभोवती. सत्काराचा वेळ वजा करा, हा बाहेरचा अडथळा धरा, कुणी काय, कुणी काय. मीही मनात नियम धुंडाळले. प्रेक्षकांतून कुणी शिट्टी वाजवून खेळाडूंना फसवलं तर खेळ थांबवता येतो. पण इथे कुणी शिट्टी वाजवली नव्हती, आग्रहाचं निमंत्रण दिलं होतं, आणि हा आपल्या पायांनी गेला होता. गोल दिला. शिवाय न विचारता मैदान सोडल्याबद्दल, अंगावर शाल आणि हातात नारळ असलेल्या त्या माणसाला पिवळं कार्ड दाखवलं.

तो शांतपणे म्हणाला, "बराबर हाय मॅडम. पन मोठ्या मानसानं बोलावल्यावर जाऊ नये, आसं लिवलंय का पुस्तकात?"

नाही, म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

यजमान हरले. कप समोरच्या गावाने नेला. मला इतकं वाईट वाटत होतं की कुणी चहा विचारला तेव्हा मी उगीचच त्याच्यावर खेकसले. तेवढ्यात गोलकीपर मांडवात चढला. त्याने आपली शाल माईकवाल्याच्या खांद्यावर घातली, नारळ त्याच्या हातात दिला आणि माईक काढून घेतला.

"आता तुमी रिटायर व्हा. मी न्हाई होत. फुडच्या साली बी गोलात मीच हाय, घरी मी बघतो काय सांगायचं ते."

सगळ्या गावाने टाळ्या वाजवल्या, कपवाल्यांनीही वाजवल्या, मीही वाजवल्या. वाजवल्या नाहीत त्या फक्त यजमानांच्या राखीव गोलकीपरने.