अर्ध्या सुपारीची हुंडी

मी चारशे रुपये खाल्ले, असे आमच्या घराण्यात गेली कित्येक वर्षे सांगितले जाते. हे विधान पूर्णपणे असत्य आहे. मी अर्धी सुपारी खाल्ली.

माझी धाकटी बहीण मनू ही कथा प्रत्येक लग्नात सांगते, आणि लग्नागणिक तिच्यात भर पडते. गेल्या खेपेस तर मी बेशुद्ध पडल्यावर माझ्या नाकाशी कांदा धरल्याचेही तिने ठोकून दिले. कांदा कोणीही धरला नव्हता. शिवाय मी बेशुद्ध पडलो नव्हतो. मी आडवा झालो होतो. या दोहोंतला फरक ज्याला कळत नाही, त्याने इतिहास सांगण्याच्या भानगडीत पडू नये! तेव्हा खरी हकीगत आता मीच लिहून ठेवतो.

साल तीस-एकतीसचे असावे. दिवेआगरला आमची नारळी-पोफळीची वाडी. थोरला भाऊ, म्हणजे दादा, आफ्रिकेत मोंबाशाला एका कोठारात कारकून होता. मनूचे लग्न म्हसळ्याच्या एका सालस मुलाशी ठरले, तेव्हा दादाचे पत्र आले : ‘सहाशे शिलिंग साठवले आहेत. कसे पाठवू?’ शिलिंगाचे त्या वेळी दहा आणे आठ पै येत. म्हणजे बरोबर चारशे रुपये. मनूच्या पाटल्या, मांडव, जेवणावळी, सारे काही त्याच पैशांत भागवायचे होते. घरात दुसरा पैसा नव्हता.

“मनीऑर्डर कर म्हणावं,” नाना म्हणाले. नाना म्हणजे आमचे वडील. त्यांना कोणत्याही प्रश्नाचे उत्तर चार शब्दांत देण्याची वाईट खोड होती.

मी तेव्हा बावीस वर्षांचा, मॅट्रिक पास (दुसऱ्या खेपेस, पण पास!) आणि त्रैराशिकात पटाईत. मी कागद घेतला, रकाने आखले आणि दोन दिवस घरातल्या कोणत्याही कामाला हात लावला नाही. मनीऑर्डरीला कमिशन. बँकेचा ड्राफ्ट वटवायचा तर बोटीने मुंबईला जा, दोन दिवस खाणावळीत जेवा आणि ‘हाच तो सदाशिव’ असे बँकेला सांगणारा एक सभ्य गृहस्थ पैदा करा. पेढीची हुंडी आणावी, तर हुंडणावळ वेगळी. आणि शिलिंगाचा दर शेटजी सांगणार एक, लावणार दुसरा!

“म्हणजे प्रत्येक वाटेवर कुणीतरी हात पसरून बसला आहे,” मी जाहीर केले. “मला अशी वाट हवी, जिला एक पैही पडणार नाही.”

“चार पैसे गेले तरी चालतील,” नाना म्हणाले. “झोप लागली पाहिजे.”

अज्ञान! (मनू सांगते की, मी “अज्ञान!” असे मोठ्याने ओरडलो. ते मी मनात ओरडलो होतो.)

ती वाट आमच्या कुंपणापलीकडेच होती. शेजारची वाडी हसनचाचांची. त्यांचा मुलगा इब्राहीम मोंबाशालाच दुकान टाकून बसला होता, आणि दुकानात माल भरायला त्याला पैसे हवे होते. चाचांचे रुपये तिकडे जायचे, दादाचे शिलिंग इकडे यायचे. मग समुद्र ओलांडायचाच कशाला? दादाने सहाशे शिलिंग तिथल्या तिथे इब्राहीमला द्यावेत, आणि चाचांनी चारशे रुपये इथल्या इथे आम्हाला द्यावेत. खर्च शून्य! ही युक्ती सुचली, तेव्हा माझे मलाच इतके कौतुक वाटले की, मी वाडीला दोन चकरा मारून आलो.

चाचांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. मग विचारले, “बरं. पैसं तकडं पोचलं, ह्ये मला कसं कळायचं?”

“इब्राहीमचे पत्र येईल की.”

“मला वाचता येतं?”

“मी वाचून दाखवीन.”

“म्हंजी खत वाचनार तू, आनि पैसं घेनार पन तूच!” चाचा मोठ्याने हसले. “सदू, तू पोरगा चांगला हायस. पन येवडा चांगला न्हायस.”

“मग मास्तरांकडून वाचून घ्या.”

“मास्तर तुजा दोस्त. कागदाचं काय सांगतोस? वाचनारा बोलवील तसा कागद बोलतो. मला खून पायजे.”

चाचांनी सुचवलेली खूण म्हणजे सुपारी. तिच्या पोटात पांढऱ्या-तांबड्या रेषांची जी जाळी असते, ती एका सुपारीची दुसरीला मिळत नाही. अडकित्त्याने दोन भाग करावेत. एक चाचांकडे राहील, दुसरा गावच्या खलाशाबरोबर इब्राहीमकडे जाईल. शिलिंग हातात पडले की इब्राहीम तो भाग दादाला देईल, दादा पाकिटातून आम्हाला पाठवील. आमचे अर्धुक चाचांच्या अर्धुकाशी जुळले की, चारशे रुपये मोजून घ्यावेत!

आणि ती सुपारी चाचांनी मुद्दाम विहिरीकडच्या पोफळीची निवडली. त्या झाडाची सुपारी भयंकर लागणारी होती. खाणाऱ्याचे कान तापत, घाम फुटे, भोवळ येई. नको असलेला पाहुणा मुक्काम हलवीना, की चाचा त्याला त्याच झाडाची सुपारी देत, अशी वदंता होती.

“हिला चुकून पन कोन तोंडात घालनार न्हाय,” चाचा म्हणाले.

“खुणेची सुपारी खाईल इतका मूर्ख कोण असेल?” मी विचारले. (हे वाक्य मी बोललो, हे मी नाकारीत नाही.)

दोन-अडीच महिन्यांनी, लग्नाला आठ दिवस उरले असता, पाकीट आले. आत दादाचे पत्र, ‘शिलिंग दिले’ म्हणून, आणि कापडात शिवलेले अर्धुक. चाचा त्या दिवशी श्रीवर्धनला गेले होते. ते दुसऱ्या दिवशी परतणार होते. तेवढा एक दिवस ती खूण सांभाळायची होती.

“माझ्याकडे दे. पेटीत ठेवतो,” नाना म्हणाले.

पेटी! चोर प्रथम कुठे हात घालतो? पेटीतच! मी पुष्कळ विचार केला आणि कापड काढून ते अर्धुक आमच्या पानाच्या डब्यात, सुपाऱ्यांच्या खणात ठेवून दिले. सुपारी लपवायची, तर सुपाऱ्यांत! या कल्पनेत मला आजही काही दोष दिसत नाही.

त्याच दुपारी म्हसळ्याहून व्याही आले. गृहस्थ वकिलाकडे कारकून. जगातल्या प्रत्येक गोष्टीविषयी त्यांना संशय. जेवणे झाली, पडवीत पानाचा डबा आला, आणि नानांनी डोळ्यांनी खुणावले असतानाही मी माझी योजना पहिल्यापासून सांगू लागलो.

“म्हणजे मोंबाशाहून पैसे आले आणि खर्च काहीच नाही?” व्याह्यांनी विचारले.

“एक पै नाही!”

“आणि ती खूण हरवली म्हणजे?”

मी हसलो. डब्यातून सुपारी उचलली, अडकित्त्यात धरली आणि कातरता कातरता म्हणालो, “अहो, ती अशा जागी आहे की, चोराच्या बापाला सापडायची नाही. चोर पेटी फोडील, फडताळ फोडील. पण सुपारीच्या डब्यातल्या सुपारीकडे कोण पाहणार?” आणि विडा तोंडात घातला.

“बघू तरी,” व्याही म्हणाले.

मी डबा पुढे ओढला. खणात सात अख्ख्या सुपाऱ्या होत्या. अर्धी नव्हती. मी डबा उपडा केला, झटकला, पुन्हा आत पाहिले. तोवर चावणे मात्र चालूच होते.

मनू दारातून म्हणाली, “सदूदादा, तुझ्या तोंडात काय आहे?”



“थुंक!” नाना ओरडले. (आयुष्यात प्रथमच एका शब्दात उत्तर!)

मी घाबरलो आणि गिळले.

यापुढच्या पाव तासाविषयी फार अपप्रचार झाला आहे. माझे कान तापले, हे खरे. घाम फुटला, हे खरे. मी खांबाला मिठी मारली, हेही खरे. परंतु मी व्याह्यांना “आई” म्हणून हाक मारली, हे सिद्ध झालेले नाही. त्या गोंधळात चाचांचे ते झाड कुणाला आठवले नाही; सर्वांना वाटले, शरमेने असे झाले. मलाही तसेच वाटले. व्याही उठले, टोपी घातली आणि जाता जाता नानांना म्हणाले, “पाटल्यांचं काय ते दोन दिवसांत कळवा.” मनू आत गेली ती रात्री जेवायलाही बाहेर आली नाही. मनूच्या संसाराची चूल पेटायच्या आधीच मी त्या चुलीवर पाणी ओतले होते, हे मला तेव्हा कळले, आणि त्या गोष्टीवरून मी आजवर कुणाशी वाद घातलेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तीन शेर अर्ध्या सुपाऱ्या टोपलीत घालून चाचांच्या अंगणात हजर झालो. माझा चुलतभाऊ बापू सांगतो की, मी खोटी खूण खपवायला गेलो होतो. साफ खोटे! मी केवळ तुलनेसाठी नमुने नेले होते.

चाचांनी कनवटीचे अर्धुक काढले आणि टोपलीतला एकेक नमुना त्याला लावून पाहिला. “ही न्हाय... ही पन न्हाय...” ऊन अंगणभर आले तेव्हा टोपली संपली. मागोमाग नाना आणि मनूही येऊन उभे राहिले होते.

“सदू, खरं बोल. खून कुटं हाय?”

“खाल्ली,” मी म्हणालो.

“मोंबाशाला तार करू,” नाना म्हणाले.

“तार वाचनार कोन?” चाचांनी विचारले. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. चाचांनी डोके खाजवले. “नाना, तुमच्यावर भरोसा हाय. पन ह्ये पैसं पोराच्या दुकानाचं. शिलिंग त्याला न्हाय मिळालं तर त्यानं खायाचं काय? मी कशाच्या जिवावर देऊ?”

 मनू पदराने डोळे पुसू लागली. चाचांनी तिच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे.

“खाल्ल्यावर तुला काय झालं रं?”

“काही नाही,” मी ताठ उभा राहून म्हणालो.

“काही नाही कसं, चाचा!” मनू उसळली. “कान जास्वंदीसारखे लाल! घामानं सदरा भिजला, खांबाला मिठी मारून बसला, आणि व्याह्यांना म्हणतो, आई गं, मला धर!”

चाचांचा चेहरा उजळला. “कान लाल झालं? मंग थांबा!”

त्यांनी आपले अर्धुक अडकित्त्याने कातरले आणि माझ्यापुढे धरले. “खा.”

“चाचा, ही तुमची खूण आहे!”

“खून खुनंला मिळाली पायजे ना? मंग मिळवतो. हातात न्हाय, तर पोटात!”

नाना न्यायप्रिय. “असं नाही,” ते म्हणाले. “आधी साधी खाऊ द्या.” त्यांनी टोपलीतली एक सुपारी मला चारली. अंगणात सर्वांनी माझे कान न्याहाळले. काही झाले नाही. मग चाचांची. मी चावली, गिळली आणि वाट पाहिली. पहिल्यांदा डावा कान तापला, मग उजवा. मग विहीर माझ्याभोवती हळूहळू फिरू लागली. मी खांब शोधला. अंगणात खांब नव्हता. तेव्हा मी, पूर्ण विचारान्ती, आडवा झालो.

“जुळली!” चाचा ओरडले. “सोंग घेऊन मानूस पडंल, पन कान लाल न्हाय करायचा! मनू, मीठ आन याला, लागलेली उतरंल. नाना, पैसं मोजून घ्या.”

मनू मीठ घेऊन आली. चिमूट माझ्या तोंडात घालताना ती हसत होती आणि रडतही होती. तेवढे मला आडव्या अवस्थेतही स्पष्ट दिसले, यावरून मी शुद्धीवर होतो हे सिद्ध होते.

लग्न ठरल्या दिवशी झाले. पाटल्या झाल्या, मांडव झाला, व्याह्यांनी तीनदा जिलबी मागून घेतली. परदेशातून पैसे आणण्याचा एक पैचाही खर्च न झालेला आमच्या पंचक्रोशीतला तो पहिला व्यवहार होता, हा माझा दावा आजही अबाधित आहे. दादाने पुढे पत्रातून विचारले, ‘एकंदर खर्च किती आला?’ मी ऐटीत ‘शून्य’ असे लिहिले. नानांनी माझ्या हातून टाक घेतला आणि खाली चार शब्द जोडले : ‘सदू पडला. बाकी क्षेम.’

खरा अन्याय झाला तो लग्नाच्या पंगतीनंतर. विड्यांचे तबक माझ्यापुढे आले, तोच चाचांनी त्यावर हात ठेवला आणि भर मांडवात म्हणाले, “याला नका देऊ रं. ह्यो पावत्या खातो!”

तेव्हापासून या गावात मला कोणी सुपारी देत नाही. मला सुपारी मुळी आवडतच नाही, असे मी तेव्हापासून सर्वांना सांगत आलो आहे. या संपूर्ण हकिगतीत माझे तेवढे एकच विधान खोटे आहे.